कोरडी जागा

नवं मेर्मेरली
९ सप्टेंबर १९८६

इद्रिसच्या थोरल्या भावास,

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. इद्रिस बरा आहे, गुडघा तेवढा धरतो. जाऊबाई हसिबे बरी आहे, जीभ अजून पहिल्यासारखीच चालते. मीही बरी आहे. अंजिरं गच्चीवर वाळत घातली आहेत आणि यंदा गांधीलमाशा फार झाल्यात, एवढीच काय ती तक्रार.

सहा वर्षं मी लिहिलं नाही. तुमचं तिकडं डुइसबुर्गला दुसरं घर झालं हे इद्रिसने मान खाली घालून सांगितलं, त्यानंतर एकदोनदा कागद पुढ्यात घेतला होता. पण खाली सही काय म्हणून करायची ते ठरेना. निकाह आपला कुणी मोडला नाही, आणि तो राहिलाही नाही. असो. हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र नेर्गिससाठी आहे.

गावच्या मुख्तारांनी परवा मशिदीसमोर सगळ्यांना बोलावलं होतं. उत्खननाचे लोक आता जुन्या कब्रस्तानाच्या उतारावर खणणार आहेत. त्याच्या पोटात म्हणे रोमन काळच्या शहराचा मोठा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खांब असलेला, थेट त्यांच्या नाटकाच्या दगडी पायऱ्यांपर्यंत जाणारा. आपण त्याच्यावर शेळ्या बांधल्या, लसूण लावला, माणसं पुरली, आणि कुणाला पत्ताही नव्हता. आता हिवाळ्यातल्या पावसाच्या आत सगळ्या कबरी उचलून नव्या गावाच्या वरच्या अंगाला न्यायच्या आहेत. ज्यांचं माणूस तिथं आहे त्या प्रत्येक घरचा एक पुरुष हजर हवा. माझी पाळी आली तेव्हा मुख्तार घुटमळले आणि इद्रिसकडे बघायला लागले. मी म्हटलं, "त्याच्याकडे काय बघता? पोरीला बाप आहे. मी कळवते."

म्हणून कळवते आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर करायचं ठरतंय.

तुम्ही शेवटचे येऊन गेलात त्यानंतर जुन्या गावाला तारेचं कुंपण पडलं. आपली घरं पाडून झाली, दगड तेवढे त्यांचे त्यांना राहिले. आता फाटकावर तिकीट लागतं. मी प्रत्येक ईदच्या आदल्या दिवशी जाते. फाटकावर शुक्रू असतो, न्हाव्याचा मुलगा. तो म्हणतो, "वहिनी, तिकिटाचं नावही काढू नका, तुम्ही घरच्या." घरच्या म्हणे. आपली चूल होती तिथं आता 'रोमन स्नानगृह, दुसरं शतक' अशी पाटी आहे. मला कुठं माहीत होतं मी नहाणीघरात स्वयंपाक करत होते.

गेल्या ईदला मी नेर्गिसपाशी हात पसरून बसले होते, तर एक परदेशी बाई मागून आली आणि तिने माझा फोटो काढला. वाईट नव्हती बिचारी, हसून गेली. हसिबे म्हणते, "आता तू अमेरिकेत कुणाच्या तरी भिंतीवर लटकलीस. नवरा जर्मनीत, बायको अमेरिकेत, आमचं आपलं नाझिल्लीच्या पलीकडे जाणं नाही."

यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आग्रह करत नाही. रजा मिळाली तर बघा.

मुनव्वर


नवं मेर्मेरली
२८ सप्टेंबर १९८६

काद्री एफेंदी,

आपलं पत्र मिळालं. मला नव्हे, इद्रिसला. चार ओळींचं.

इद्रिसने अंगणात उभं राहून वाचून दाखवलं. भट्टीचं काम आहे, रजा नाही. माझ्या वतीने तू उभा राहा. खणणाऱ्यांना सावकाश खणायला सांग. एवढं वाचून त्याने घडी घातली. मी म्हटलं, चौथी ओळ? तो म्हणाला, खुशालीची आहे. मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

"मुनव्वरला तिथं येऊ देऊ नकोस."

मी कुठं जावं आणि कुठं जाऊ नये हे सांगायला तुम्ही कोण? तुम्ही नाही येणार, ठीक. पण मीही जायचं नाही? पहिल्या वेळी तुम्ही सगळे पुरुष तिला घेऊन गेलात आणि मला बायकांनी घरात धरून ठेवलं. खिडकीतून मला फक्त इद्रिसची पाठ आणि फावडं दिसलं होतं. बर्फ पडत होतं. तुम्ही परत आलात ते अंगणात तोंड धुऊन, कोरड्या डोळ्यांनी आत आलात आणि म्हणालात, "झालं." एवढंच. त्या 'झालं'च्या पलीकडचं मी आजवर काही विचारलं नाही. आता मी जाणार आहे. तुमचा भाऊ आडवा आला तर त्याचा तो गुडघा काही त्याला वाचवणार नाही.

बाकी एक सांगायचं होतं, राग बाजूला ठेवून सांगते.

परवा कबरी ओळखून द्यायला बोलावलं होतं. बहुतेकांच्या नुसत्या धोंडी, गवत वाढलेलं, लोक आपसांत भांडत होते की हा आमचा आजा की तुमचा. मला काही शोधावं लागलं नाही. तुम्ही तिच्या उशाशी तो पांढरा दगड लावला होता, वेलीची नक्षी आणि खाली त्या लोकांची अक्षरं असलेला. उत्खननाच्या जेयलान हानिम म्हणून बाई आहेत, अंकाराच्या, पण बोलायला साध्या. त्या दगडापाशी बसल्या आणि ओल्या फडक्याने पुसून वाचायला लागल्या. मी जवळ सरकले. वाटलं, कुणास ठाऊक, कुणा आईने लिहून घेतलेलं असेल. मी विचारलं, काय आहे? त्यांना सांगायला जड जात होतं. मग म्हणाल्या, "ताई, बाजारातली वजनंमापं तपासणारा एक अधिकारी होता. त्याने काम चोख केलं म्हणून शहराने त्याचा सत्कार केला, असं आहे."

मला हसू फुटलं. जेयलान हानिम घाबरल्या. इतकी वर्षं मी बाजारच्या साहेबाच्या कपाळाचे मुके घेत होते. मग त्याही हसायला लागल्या, आणि मग मी रडायला लागले, आणि त्यांना कळेना की आता काय करावं.

तो दगड म्युझियमला जाणार. सरकारचा आहे. वेली छान आहेत हो, तुम्ही निवडून आणला होता. नव्या जागी सिमेंटचा मिळेल.

मुनव्वर


नवं मेर्मेरली
१४ ऑक्टोबर १९८६

नेर्गिसच्या बाबांना,

झालं. हा शब्द तुमचाच आहे, पण मी पुढचंही सांगणार आहे.

काल सकाळी गेलो. मशिदीतला आमचा होजा नवीन आहे, काळ्या समुद्राकडचा, पोरगेलासा. त्याने बायकांना ऑलिव्हच्या झाडापाशी थांबवलं. मी पुढे गेले तसा तो आडवा आला. "ताई, बायका कबरीपाशी येत नाहीत."

मी म्हटलं, "होजा, नऊ महिने ती माझ्यापाशी होती, तेव्हा कुणी विचारायला आलं नाही."

तो बाजूला झाला. नंतर मी पाहिलं, त्याने आपली चटई माझ्या गुडघ्यांखाली आणून घातली होती.

इद्रिसने खणलं. सावकाश खणलं, तुम्ही सांगितल्यासारखं. शेजारच्या कबरींची माती भुरकट, कोरडी निघत होती. आपली काळी निघाली. हातभर खाली गेल्यावर तर चिखलच. जेयलान हानिमनी मुठीत दाबून पाहिली, पाणी सुटलं. त्या म्हणाल्या, याच्या खालून त्या शहराचा पाण्याचा पाट जातो, दगडी, वरून झाकलेला. कुठं तरी फुटलाय आणि पाझरतोय. त्या लोकांना जाऊन हजारबाराशे वर्षं झाली, आणि त्यांचं पाणी अजून वाहतंय.

मी इद्रिसकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग ती दिसली. फार काही नव्हतं. जेयलान हानिम आता स्वतः माती काढत होत्या, ब्रशने, जशी त्या त्यांच्या मूर्तींची काढतात तशी, आणि मला ते बरं वाटलं. दात दिसले, दुधाचे. पुढचा एक नव्हता. तो तिने छपरावर फेकला होता आणि तुम्ही शिडी लावून वर जाऊन बघितलं होतं की उंदराने नेला का. घटसर्पाच्या आधी दहाबारा दिवसांची गोष्ट ती.

तिच्या पाठीखाली चिखलात काही तरी जाडंभरडं काळं कापड होतं, हात लावला की सुटत होतं. आणि बटणं. पितळी, चंद्रताऱ्याची. जेयलान हानिमनी एक तळहातावर ठेवून मला दाखवलं. त्यांना वाटलं, जुनं काही तरी असेल.

तुमचा लष्करातला कोट. जो तुम्ही त्या हिवाळ्यात नाझिल्लीच्या मिनीबसमध्ये विसरलात.

इद्रिस खड्ड्याच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "वहिनी, दादाने शपथ घातली होती."

"कोटाची कसली शपथ?"

"कोटाची नाही." त्याने खालच्या चिखलाकडे बोट केलं. "खड्ड्यात पाणी येत होतं. उपसलं की पुन्हा येत होतं. दुसरीकडे खणायला गेलो तर जमीन गोठलेली, कुदळ टप्पा खायची. थोरले होजा म्हणाले, आटपा, अंधार पडतोय. दादाने कोट काढला आणि खाली अंथरला. होजा म्हणाले, कफनाशिवाय काही घालत नाहीत. दादा म्हणाला, मग तुम्ही तिकडं तोंड करा. मला म्हणाला, मुनव्वरला कोटाचं सांगितलं तर ती विचारेल का घातला. मग पाण्याचं सांगावं लागेल."

इद्रिस एवढं सलग आयुष्यात कधी बोलला नसेल.

मला तुमचा राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. उभं राहून मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले, त्या उतारावर, सगळ्या गावासमोर. हसिबे म्हणते की जर्मनीत ऐकू गेलं असेल. मग खाली बसले ती बसलेच.

नवं कफन मी घरून शिवून आणलं होतं. सगळं त्यात ठेवलं. बटणंही ठेवली. छोटा होजा म्हणाला, ताई, हे चालत नाही. मी म्हटलं, "ते आधीपासून तिचं आहे." त्यावर तो तिकडं तोंड करून उभा राहिला.

ट्रॅक्टरवर बाकीच्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. मी पेटी घेतली नाही. मांडीवर घेऊन बसले. इद्रिस म्हणाला, वहिनी, धक्के बसतात, मी धरतो. मी म्हटलं, तू चालव. उभ्या-आडव्या दगडांमधल्या वाटेने आम्ही निघालो, नाटकाच्या पायऱ्यांजवळून, फाटकातून बाहेर. परदेशी लोकांची एक बस आत येत होती. त्यांच्या ड्रायव्हरने आम्हाला बघून गाडी बंद केली, खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. काल कुणी फोटो काढला नाही.

किती हलकी आहे हो ती. सहा वर्षांची होती तेव्हा कडेवर घेतलं की माझी कंबर जायची.

वरच्या कब्रस्तानात खड्डे आधीच खणून ठेवले होते. इद्रिस उतरला. मी म्हटलं, थांब. मी पालथी पडून आत हात घातला, तळ चाचपला, कोपरे चाचपले. आणखी खण म्हटलं. त्याने खणलं, मी पुन्हा हात घातला. मुख्तार काही म्हणणार होते, हसिबेने त्यांच्याकडे असं बघितलं की ते तंबाखू शोधायला लागले. कोरडी आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून मी हे सगळं लिहिते आहे. माती लालसर आहे, बारीक खडी आहे, आणि पार खालपर्यंत कोरडी आहे.

मग तिला मीच दिलं, इद्रिसच्या हातात.

तुम्ही मला सांगायला हवं होतं. काय झालं असतं? मी रडले असते. छाती पिटली असती. तुम्हालाही रडू आलं असतं. त्या घरात आपण दोघंच होतो, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तुम्ही ते सगळं एकट्याने घेऊन वसंतात गाडीत बसलात. मी समजत होते की तुम्ही पैसे मिळवायला गेलात.

पहिल्या वर्षी तुम्ही पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं, की भट्टीपाशी फार गरम असतं आणि ते मला बरं वाटतं. मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

मुनव्वर


नवं मेर्मेरली
२३ जून १९८७

नेर्गिसच्या आणि देनिझच्या बाबांना,

असं लिहिताना हात अडखळला. पण आता नाव कळलं आहे, तर लिहायला हवं.

तुम्ही गेलात, आणि समोरासमोर जे बोलायचं राहिलं ते लिहिते. हिवाळाभर तुमचं उत्तर आलं नाही. मी धरून चालले होते की आता यायचंही नाही. परवा टोमॅटोंना पाणी सोडत होते तर हसिबे धापा टाकत आली. म्हणाली, शुक्रूने निरोप धाडलाय, काद्री आगा आलाय. घराकडे नाही आला, आधी तिकडंच गेला. शुक्रूने आत सोडलं तरी ऐकेना. परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहिला, तिकीट घेतलं आणि मग आत गेला.

मी तशीच आले, चिखलाच्या पायांनी. तुम्हाला माहीत नाही, पण तुम्ही मला पाहण्याआधी मी तुम्हाला बराच वेळ पाहत होते. कब्रस्तान आता तिथं नाहीच. रस्ता उघडा पडलाय, पांढऱ्या फरशा, दोन्हीकडे खांबांचे बुंधे, आणि मधोमध तो पाट, झाकणं काढलेला. तुम्ही उन्हात वाकून बसला होतात. केस सगळे गेले आहेत की हो. हात पाण्यात घातला होता मनगटापर्यंत.

"अजून वाहतंय," तुम्ही म्हणालात, मागे न बघता. माझी चाल ओळखलीत.

मी म्हटलं, "वाहू दे. ती आता तिथं नाही."

"मी तिला पाण्यात ठेवून आलो, मुनव्वर."

"कोटावर ठेवून आलात."

मग तुम्ही रडलात. पंधरा वर्षांनी, माझ्यासमोर, भर दुपारी, त्या बाजारच्या साहेबाच्या रस्त्यावर बसून. मी तुमच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. माझे हात चिखलाचे होते आणि तुमचा सदरा पांढरा. हे खरं कारण नाही, पण तेव्हा मी स्वतःला तेच सांगितलं.

तुम्ही मग मुलाचं सांगितलंत. देनिझ गेल्या महिन्यात सहाचा झाला. त्याचा पुढचा दात पडला आणि तो हातावर घेऊन तुमच्याकडे आला, आणि तुम्ही घराबाहेर गेलात ते रात्रीच परतलात. तेव्हापासून तुम्हाला त्याच्याकडे बघवत नाही. तो खोकला की तुम्ही कारखान्यातून फोन करता. त्याच्या आईला काही माहीत नाही. नेर्गिस नावाची मुलगी होती हेच तुम्ही त्या घरात कधी सांगितलं नाहीत. माझं पत्र आलं ते तुम्ही कामाच्या ठिकाणी कपाटात ठेवलंत.

मी ऐकून घेतलं. मला वाटत होतं तुम्ही नेर्गिससाठी आलात, थोडेसे माझ्यासाठीही. तुम्ही त्या मुलाच्या भीतीने आला होतात. तिथं बसल्या बसल्या हे मला कळत गेलं आणि तोंडावर काही येऊ न देता मी मान हलवत राहिले.

वर गेलो. तुम्ही तिची माती मुठीत घेऊन चोळलीत, वासही घेतलात. "कोरडी आहे," म्हणालात. मी म्हटलं, लिहिलं होतं की. बस्स, एवढंच बोललो आपण तिच्यापाशी.

मग घरापर्यंत आलात. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दार उघडं होतं, मला आतून दिसत होतं. तुम्ही उंबऱ्यापाशी बूट काढायला वाकलात. नाडीला हात लावलात. बराच वेळ वाकून होतात. मग ती नाडी पुन्हा बांधलीत आणि उभे राहिलात. म्हणालात, शेवटची मिनीबस चुकेल. मी म्हटलं, हो, चुकेल. शेवटची नव्हती ती, त्यानंतर आणखी एक असते. तुम्हाला येताना ड्रायव्हरने सांगितलं असणार, आणि मलाही माहीत होतं.

चहा मी एकटीने प्यायले. दोन्ही पेले.

आता जे बोलायचं राहिलं ते. घरी जा आणि त्या मुलाला जवळ घ्या. त्याचा दात कुठं ठेवलाय ते विचारा आणि छपरावर टाका, तिकडं छपरं उंच असली तरी. आणि त्याला सांगा की त्याला एक बहीण होती. मोठी नव्हे, त्याच्याएवढीच. घाबरणार नाही तो, मुलं घाबरत नाहीत. न सांगितलेल्याने काय होतं ते आपण दोघांनी बघितलं आहे. त्या पोरावर ती पाळी आणू नका.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला घेऊन या. त्याला तिची जागा दाखवा. नाटकाच्या पायऱ्यांवर पळू दे, सगळी मुलं पळतात. अंजिरं ऑगस्टच्या अखेरीस पिकतात, तेव्हा आणा. माझ्याकडे उतरलात तरी चालेल, वरची खोली मोकळी आहे.

त्याच्या आईला मात्र आणू नका. ती चांगली असेल, तुम्ही म्हणता त्या अर्थी आहेच. पण तेवढं माझ्याने होणार नाही.

मुनव्वर